कडा तपासणारे साहेब

लढाईच्या दिवसांत आसनगावजवळच्या एका दगडखाणीत मी मजुरांची हजेरी घ्यायचो. खाणीच्या कड्यावर आणि त्यातून झिरपणाऱ्या पाण्यावर नजर ठेवायला तिथं एक ओव्हरसियर होते. कडा तपासणं म्हणजे लांबूनच त्याला छत्रीनं दटावणं, असा त्यांचा समज असावा. पाण्याची परीक्षा ते वास घेऊन करत आणि कुणी काही विचारलं की म्हणत, "मी आहे ना!"

एका भादव्यात कड्यातून गढूळ पाणी यायला लागलं. खडी फोडणारी भागीबाई म्हणाली, "सायब, कालपर्यंत पाणी निवळ होतं. आमी खाली उतरायचं का नाय?"

"खुशाल उतरा. मी आहे ना!"

एवढं बोलून त्यांनी कड्याखालची आपली खुर्ची शिपायाला पार रस्त्यापलीकडे न्यायला लावली. भागीबाईनं ते पाहिलं आणि सगळ्यांना घेऊन ती त्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिली. साहेब "कामचुकार!" म्हणून ओरडत होते, तेवढ्यात कडा धाडकन खाली आला.

संध्याकाळी मालक आले. साहेब त्यांना ऐटीत सांगत होते, "वेळेवर माणसं हलवली, म्हणून वाचली."

मी चिडून भागीबाईकडं पाहिलं.

"खोटं नाय दादा," ती म्हणाली, "खुर्ची तेनीच हलवली."