क्लार्क म्हणजे कुलकर्णीच

परवा लॉफ्टमधून एक जुनी टेलिफोन डिरेक्टरी निघाली आणि तिच्या कुबट वासासरशी साठच्या दशकातलं कार्डिफमधलं आमचं थंडगार स्वयंपाकघर आठवलं. ह्यांना सर्जन व्हायचं होतं, पण अर्जामागून अर्ज जात होते आणि परकं नाव वाचून मुलाखतीला कुणी बोलावत नव्हतं. एका संध्याकाळी हे कोटही न काढता डिरेक्टरी उघडून टेबलाशी बसले. "हे बघ, पानंच्या पानं क्लार्क! वॉर्डातली सिस्टर सांगत होती, क्लार्क म्हणजे लिहिणारा. पूर्वी इथं पाद्र्यांनाच लिहिता यायचं, त्यावरून आलं. आणि कुलकर्णी म्हणजे तरी काय? गावचं दप्तर लिहिणाराच ना? अर्थ तोच राहतो, नाव तेवढं बदलायचं." वकिलाकडून आणलेला नाव बदलायचा कागद त्यांनी पुढे ठेवला. तव्यावर पोळी करपत होती आणि मला एका जागी उभं राहवेना. मी खिडकीपाशी गेले, परत आले आणि बोलून गेले, "अहो, पण डॉक्टर क्लार्क म्हणून तुम्ही मुलाखतीला आत शिरलात, की समोरच्यांचे चेहरे कसे होतील?" ह्यांनी डिरेक्टरी मिटली. मग त्यांनी कागद फाडला. पुढे वृद्धांच्या वॉर्डात नोकरी मिळाली, जिथं जायला कुणी तयार नसे, आणि तिथूनच हे कुलकर्णी म्हणून रिटायर झाले. मला त्यांनी कधी बोल लावला नाही. पण ते गेल्यापासून सारखं वाटतं, निदान एकदा आत जाऊ तरी द्यायला हवं होतं मी त्यांना.