या घरावर हुकूम कुणाचा

शेजारच्या अंगणात सकाळपासून तिळाचं तेल तापतं आहे. लसणाच्या पाकळ्या आणि ओवा टाकून चांगलं कडकडवलेलं. धान घरात आलं आहे, थंडीचं ऊन तणसाच्या ढिगावर नुकतंच चढलं आहे, आणि शेजारणीची बाळंतीण लेक आईच्या पायांवर निजवलेल्या आपल्या तान्हुलीकडे टुकुटुकु बघत बसली आहे. मी इकडे तूर निवडायला बसले खरी, पण कसली तूर आणि कसलं काय! हा वास आला की सौंदडच्या या आमच्या गल्लीत एकेकाळी राहणाऱ्या दोघीजणी मला आठवतात. एक होती बाळांना न्हाऊमाखू घालणारी म्हातारी आणि दुसरी, आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारी शिवणकामवाली. आज कामाचं राहू द्या, त्यांच्याबद्दलच सांगते.

म्हातारीला नवरा नव्हता, मूल नव्हतं. गल्लीतलं प्रत्येक लेकरू तिच्या पायांवर आडवं होऊन वाढलेलं. एका पावसाळ्यात मात्र तिच्या हाताखालची दोन बाळं पाठोपाठ गेली. एक तापानं गेलं, दुसरं जन्मापासूनच अशक्त होतं. पण कुण्या बाहेरगावच्या जाणत्यानं सांगितलं की म्हातारीची नजर वाईट आहे, आणि झालं! हापशीवर ती आली की बायका आपापल्या पाण्याच्या गुंड्या उचलून बाजूला होऊ लागल्या. तिच्या कौलांवर दगड पडू लागले. होळीच्या आत म्हातारीला घेऊन जा, नाहीतर आम्ही बघून घेऊ, असा निरोप तिच्या भाच्याला गेला. भाचा कसला नेतोय! त्याच्या ओसरीतही तिला जागा नव्हती. गावानं हाकललं असतं तर त्या वयात तिला रस्त्याशिवाय दुसरं काही उरलं नसतं.

मला तेव्हा सातवा महिना होता. आमच्या घरी रोज बुद्धवंदना होते. नजर, करणी या गोष्टींना आमच्याकडे थारा नाही, असं मी समजत होते. पण सासूबाईंनीच मला बजावलं, की म्हातारीची सावलीसुद्धा अंगावर घेऊ नकोस. मी भांडले, पुष्कळ भांडले. त्या म्हणाल्या, सारं समजते मले, पण नातवंडाचा जीव आहे. भीती एकदा घरात शिरली की ती कुणाचा धर्म विचारत नाही. तिला फक्त बसायला जागा हवी असते.

शिवणकामवालीचा नवरा रेल्वेत ट्रॅकमन होता. अख्ख्या गावात ख्रिस्ती घर ते एकच. मशीनच्या वरती भिंतीवर लाकडी क्रूस, आणि रविवारी सकाळच्या गाडीनं दोघं गोंदियाला चर्चमध्ये जायची. ब्लाऊज शिवता शिवता ती भजनं गायची. गळा असा बेसूर, की मी तिला म्हणायची, बाई, तुझा देव फार सोशिक दिसतो! ती हसायची आणि आणखी मोठ्यानं गायची. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, डॉक्टरांनी आशा सोडल्यावर, तिला दिवस राहिले होते. त्याच हिवाळ्यात मुलगा झाला. आणि दवाखान्यातून घरी आल्याच्या दुसऱ्या सकाळी ही बाई, बाळंतपणाचं अंग, डोक्याला फडकं बांधून, भरल्या हापशीवरून सगळ्यांच्या देखत चालत म्हातारीच्या दारात गेली. म्हातारीनं हात जोडले. म्हणाली, माय, माझी आणखी बदनामी नको करू. हिनं ते जोडलेले हात तसेच धरले आणि तिला घरी घेऊन आली.

सासूबाईंना राहवलं नाही. कुंपणाशी जाऊन त्यांनी विचारलं, "भेव नाही वाटत का व तुले?"

"वाटते ना मावशी. रातभर डोळ्याले डोळा नाही लागला," ती म्हणाली. "पण या घरावर हुकूम प्रभूचा चालते. नजरेचा नाही, करणीचा नाही, अन् माह्या भेवाचाही नाही."

आणि तिनं बाळ म्हातारीच्या पायांवर ठेवलं.

गोष्ट इथंच संपली असती तर मी ती इतकी वर्षं जपली नसती. चार दिवसांनी बाळाला ताप भरला. गल्ली जणू वाटच बघत होती. दारात बायका जमल्या, आता तरी शहाणी हो म्हणून. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी तिच्या शेजारी उभी होते, ती पुटपुटत प्रार्थना करत होती आणि मधेच रडत होती. नवऱ्यानं मोटरसायकल काढली, दोघं बाळाला सडक अर्जुनीच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. औषध मिळालं, पण ताप काही लगेच उतरला नाही. दुसऱ्या दिवशी म्हातारी स्वतःच आली नाही. तेव्हा ही पुन्हा निघाली. मीच कळवळून म्हटलं, अगं, बाळ बरं होईपर्यंत तरी थांब.

"ताप डाक्टर पाहून राहिला," ती म्हणाली. "म्हातारीले काऊन शिक्षा?"

बाळाच्या अंगात कणकण होती म्हणून त्या दिवशी तेल नाही, पाणी नाही. म्हातारीनं त्याला नुसतं मांडीवर घेतलं आणि उन्हात बसून राहिली, साऱ्या गल्लीला दिसेल अशी. मी देव मानत नाही, आजही नाही. पण ताप उतरायच्या आधीच त्या बाईनं जे केलं, त्यापुढे माझी मान आपोआप झुकली. उतरल्यानंतर कुणीही केलं असतं. ताप पुढे उतरला, होळीही आली आणि गेली, आणि म्हातारीला न्यायचा विषय कुणी काढला नाही. माझी लेक झाली तेव्हा सासूबाई स्वतःच म्हातारीला बोलवायला गेल्या.

पुढे ट्रॅकमनची बदली झाली आणि ते कुटुंब छत्तीसगडकडे गेलं. म्हातारी तिच्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या बाजेवर वारली. आता गल्लीत सिमेंटचा रस्ता आहे, घरोघरी नळ आहेत. भीती गेली असं मात्र मी म्हणणार नाही. गेल्या वर्षी पलीकडच्या एका विधवेबद्दल पुन्हा तीच कुजबुज सुरू झाली. आमच्या ओट्यावरच बायका बोलत होत्या. सासूबाईंना आता धड दिसत नाही. त्या ऐकत होत्या, मग काठी शोधून उठल्या. मी हात धरायला गेले तर माझा हात झटकला. भर दुपारी रस्ता ओलांडून त्या तिच्या दारात जाऊन बसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "चहा मांड व माय. तुह्या हातचा प्यायले आली."