लाल झाकण, निळं झाकण

लाडू मोजून करायचे असतात, पण लाडू वळताना चाललेल्या गप्पा कुणी मोजत नाही. आमच्या वाडीत नाचणीच्या लाडवांवर संशोधन झालं तेव्हा लाडू तर सगळे वाटून संपले, किस्से मात्र माझ्याकडे साठून राहिले. कुणी पाहुणी आली की एखादा सांगते, तेवढ्यात दुसरा आठवतो. म्हणून आज ओळीने सांगते.

संशोधन होतं आमच्या मॅडमचं. मॅडम म्हणजे चिपळूणची मुलगी, वयाने माझ्या लेकीएवढी, पोषणशास्त्रात पीएचडी करणारी. साध्या नाचणीच्या लाडवापेक्षा मोड आणलेल्या नाचणीच्या लाडवाने बायकांचं रक्त जास्त वाढतं का, हे तिला बघायचं होतं. लाडू करायचं काम माझ्याकडे आलं. निम्म्या बायकांना लाल झाकणाचा डबा, निम्म्यांना निळ्या झाकणाचा. लाडू दिसायला अगदी सारखे. कोणत्या झाकणात कोणती नाचणी, ते पुण्याचे गणिताचे सर ठरवून गेले आणि फक्त मला सांगून गेले.

जाताना म्हणाले, "ताई, कुणालाही नाही. मॅडमना सुद्धा नाही. मॅडमना कळलं तर त्यांच्या मनाला जे हवं तेच त्यांना दिसायला लागेल."

मी बारावी शिकलेली. एवढा मोठा भरवसा माझ्यावर आजवर कुणी टाकला नव्हता.

*

कुणाला लाल आणि कुणाला निळं, ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. वरच्या वाडीच्या, खालच्या वाडीच्या, बौद्धवाडीच्या, सगळ्या बायका बालवाडीत जमल्या. मॅडम तासभर समजावत होती की निवड आपल्या मर्जीने केली तर शास्त्र बिघडतं, म्हणून चिठ्ठी. बायका शांत बसलेल्या. मला वाटलं, कुणाच्या डोक्यात काही शिरत नाहीये.

शेवटी अनसूयाकाकी म्हणाली, "बाय, भिशी ना? मग एवढं बोलतेस कशाला, काढ चिठ्ठी."

अनसूयाकाकी माझी शेजारीण. जिभेने तिखट, आणि सुनेवर जीव टाकणारी. ही सून म्हणजे सायली. अंगात रक्त इतकं कमी, की विहिरीवरून पाणी आणताना पाखाडीच्या पायऱ्यांवर मध्येच हंडा ठेवून बसायची. चिठ्ठीत काकीला लाल आलं, सायलीला निळं.

काकी लगेच उठली. "ह्यातलं खरं कुठलं?"

मॅडम म्हणाली, "मला माहीत नाही."

"मग शिकलीस काय एवढी?"

*

त्या दिवसापासून सगळी वाडी माझ्या मागे लागली. लाल रंग शुभ, म्हणजे खरा लाडू लालमध्येच, असं बायकांनी आपापसात ठरवून टाकलं. मी पाण्याला गेले की माझ्या तोंडाकडे बघत एखादी मुद्दाम "लाल" म्हणायची. मी घागर भरत राहायची.

शिमग्याला आमचे हे मुंबईहून आले. जेवताना सहज विचारल्यासारखं करत म्हणाले, "निळ्यात काय असतं गो?"

"लाडू."

"तेवढं मला पण कळतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि तू माझ्यापासून लाडू लपवतेस?"

"लाडू समोर आहेत, खावा. सांगणार नाही."

ह्यांनी दोन्ही डब्यांतला एकेक लाडू खाल्ला, डोळे मिटून बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "दोन्हीत गूळ जास्त आहे." परत मुंबईला जाईपर्यंत तेवढाच शोध लागला.

*

रक्त तपासायचा दिवस आला. मॅडमने बजावून ठेवलं होतं की रोजचं जेवता तेच जेवा. पण बायकांना ती परीक्षा वाटली. आदल्या दिवशी घरोघर बीट शिजलं, खजूर आले, कुणी मेथी, कुणी अळू. कधी नव्हे ते रत्नागिरीच्या बाजारातून डाळिंबं सुद्धा आली.

मॅडमने विचारलं, "काल काय खाल्लंत?"

सगळ्यांचे ओठ सकाळच्या बिटाने लाल. आणि सगळ्या म्हणाल्या, "रोजचंच."

मॅडम हसून म्हणाली, "एका दिवसात रक्त वाढत नाही हो."

खालच्या वाडीची एक म्हणाली, "आमच्या पोराने एका दिवसात अभ्यास करून दहावी काढली, मॅडम."

*

आता खरी गोष्ट. लाडवांचे रिकामे डबे आमच्याकडे धुऊन परत यायचे. पण आमच्या वाडीत दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. त्यामुळे कुठल्या डब्यात कोकमं, कुठल्यात सुका जवळा, कुठल्यात चार काजू नाहीतर अबोलीची फुलं. मॅडमला पहिल्यांदा फार गंमत वाटली. फोटो काढले.

मग एक दिवस हातात डबा धरून ती तशीच उभी राहिली.

"मंगलताई, आपला डबा जर रिकामा येत नाही, तर ह्यांच्या एकमेकींकडे जाणाऱ्या वाट्या कशाने भरतात?"

मला एकदम कळलं. वाडीत वाटी गेली की वाटी यायची, आणि हाताशी लाडू असायचे. लालमधले निळ्यांकडे, निळ्यातले लालकडे. अनसूयाकाकी तर आपला लाडू रोज सायलीलाच घालत होती.

म्हणजे आतापर्यंतची सगळी मेहनत पाण्यात. पुन्हा सुरुवात करायची तर मॅडमची मुदत जेमतेम पुरणार होती. दापोलीच्या विद्यापीठातल्या तिच्या मोठ्या सरांनी फोनवर सांगितलं, "गाव बदल." मॅडम बालवाडीच्या पायरीवर बसली आणि तिचे डोळे भरले.

तेवढ्यात काकी आली. सगळं ऐकून घेतलं. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "गाव कशाला बदलायला हवं? आम्ही काय लबाड आहोत? कळलं नव्हतं, आता कळलं. लाडू इथेच बसून खाऊ. सगळ्यांच्या समोर. ह्या तोंडातून त्या तोंडात जाणार नाय."

आणि पाळलं हो बायकांनी. नव्याने चिठ्ठ्या टाकायच्या ठरल्या. रंगांचं गुपित कुणाला कळलंच नव्हतं, त्यामुळे ते गणिताच्या सरांनी तसंच ठेवलं. रोज दुपारी सगळ्या बालवाडीच्या ओटीवर बसायच्या आणि आपापला लाडू खायच्या. लाडवाबरोबर चहा घेतला तर लोह अंगाला लागत नाही, असं मॅडमने सांगितलं, तर चहा सुद्धा तासभर पुढे ढकलला. आमच्याकडे चहा पुढे ढकलणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही.

*

त्या नव्या चिठ्ठ्यांच्या आदल्या दिवशी काकी माझ्या दारात आली होती. "तुझ्या माडाचा एक नारळ दे गो. आमचे उतरवायचे राहिलेत. देवीला गाऱ्हाणं घालायचंय."

मी विचारलं नाही कशासाठी. तिनेच सांगितलं. मी नारळ सोलून दिला.

दुसऱ्या दिवशी सायलीला पुन्हा निळंच आलं. काकी देवीवर इतकी रागावली, की पुढचे कितीतरी मंगळवार देवळाची पायरी चढली नाही.

*

निकाल सांगायला गणिताचे सर स्वतः आले. म्हणाले, "निळ्या झाकणाच्या बायकांचं रक्त जास्त वाढलंय. आता मंगलताई, सांगा."

मी उभी राहिले. "निळ्यात मोड आलेली नाचणी होती."

मॅडमने मला मिठी मारली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सायली तर त्याआधीच पाखाडी न थांबता चढायला लागली होती. फक्त अनसूयाकाकी माझ्याकडे बघत राहिली आणि टाळ्या संपायच्या आत निघून गेली.

त्यानंतर ती माझ्याशी बोलेना. तिच्याकडून वाटी येईना. मला रात्रंदिवस तेच टोचत होतं.

*

मॅडमने दापोलीला सगळ्या शास्त्रज्ञांसमोर हे संशोधन मांडलं, तेव्हा काकीला आणि मला, दोघींनाही नेलं. काकी गाडीत पुढे बसली, मी मागे. सभागृहातही ती दोन रांगा सोडून बसली.

मॅडम छान बोलली. पडद्यावर आमच्या वाडीचं नाव आलं तेव्हा माझा ऊर भरून आला. मग पहिल्या रांगेतले एक वयस्कर साहेब उठले.

"गुपित स्वयंपाक करणाऱ्या बाईंकडे होतं, म्हणता. त्या त्याच वाडीतल्या. शेजारणी, नातलग, सगळ्या तिथेच. त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, ह्याला पुरावा काय?"

मॅडमने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात कुणीतरी माईक दिला. मी तो दोन्ही हातांनी धरून उभी राहिले.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अनसूयाकाकी उठली होती.

"तिला नको, मला विचारा," काकी म्हणाली. "माझ्या सुनेला लाल झाकण मिळू दे, म्हणून मी देवीला नारळ बोलले. कशासाठी, ते हिला सांगून हिच्याकडेच नारळ मागितला. तर हिने आपल्या माडाचा, सोलून, शेंडी ठेवून माझ्या हातात दिला. आणि म्हणाली, देवी तुझं ऐको."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"पुराव्याबद्दल माझं काही म्हणणं नाही," ते म्हणाले आणि खाली बसले.