बावन्न किलोचा काटा

पिंपळगाव राजा या गावच्या प्रेमला मूर्खांचा राग येत नसे, त्यांची कीव यायची. आणि मूर्ख नसलेला माणूस त्याला अजून भेटायचा होता.

पुण्यातल्या एका कंपनीसाठी तो घरबसल्या कंपायलरवर काम करायचा. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा हा कंपायलर त्याच्या मते अव्वल नंबरचा गाढव. स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, ठेवलेली किंमत एकदा वाचली तरी हा दर ओळीला पुन्हा वाचायला जाणार! प्रेमने ती फेरीच बंद केली. एकदा वाचलेली किंमत प्रोसेसरच्या हाताशी, रजिस्टरमध्ये ठेवायची. प्रोग्राम दीडपट वेगाने धावू लागला आणि प्रेम जमिनीपासून वीतभर वर चालू लागला.

कंपनीत त्याच्या कामाच्या चाचण्या घेणाऱ्या रूपालीने लिहून विचारलं, "त्या जागेचा पत्ता दुसऱ्या फंक्शनला दिलेला असेल तर? ते परस्पर किंमत बदलेल."

"घाबरटांनी कंपायलरच्या वाटेला जाऊ नये," प्रेमने सगळ्यांना दिसेल असं उत्तर टाकलं.

मंगळवारी साहेबांसमोर व्हिडिओवर प्रात्यक्षिक होतं. जमलं तर नोकरी कायम, नाहीतर महिनाअखेर घरी. कंपनीने एक वजनकाटा पाठवला होता. त्यातला प्रोग्राम प्रेमच्या कंपायलरमधून निघालेला. वडील उकंडरावांनी त्यावर सोयाबीनचं पोतं ठेवलं. प्रेमने काटा सुरू केला. बावन्न किलो. साहेबांनीच आता उठून नमस्कार करावा, अशा चेहऱ्याने त्याने कॅमेऱ्याकडे पाहिलं.

पोतं उतरवलं. बावन्न. अर्धं पोतं ठेवलं. बावन्न. उकंडराव स्वतः चढले, तरी बावन्न.

"काऊन बे, हे बावन्नच सांगून राह्यलं?"

"तुमाले नीट उभं राहता येत नाही, बाबा!" प्रेम खेकसला.

पण कळायचं ते त्याला कळलं होतं. प्रोग्राममधला वजन मोजणारा तुकडा, म्हणजे तिथलं फंक्शन, दर वेळी नवा आकडा त्याच पत्त्यावर लिहीत होतं आणि प्रेमचा शहाणा कंपायलर पहिलाच उगाळत बसला होता. पडद्यावर रूपालीने मान खाली घातली.

"प्रेमचा भाग काढून टाका," साहेब म्हणाले. "महिनाअखेरपर्यंत त्याच्याकडचं काम रूपाली समजून घेईल."

उकंडराव काट्यावरून उतरून कॅमेऱ्यापुढे आले. त्यांनी हात जोडले.

"साहेब, पोरगं लय हुशार हाय. त्याले दोष नका देऊ. काट्यातच खोट असन."

काट्यात खोट नाही, एवढंही प्रेमच्याने बापाला सांगवलं नाही.