दादाचा फॉर्म मी भरला होता

सुहासदादा समुद्रात गेला नाही.

घरी गेला. दोहातल्या फरीज बिन ओमरान भागातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये, सोफ्यावर, हातात चहाचा कप.

हे आधीच सांगतो, कारण तेरा दिवस मला फोन येतायत. "डाइव्ह करताना झालं का रे?"
नाही हो, नाही! चाळीस वर्षं पाण्याखाली काढलेला माणूस जमिनीवर गेला. मला अजून याचं गणित लागत नाही.

दादा मालवणचा. दोहात त्याचं छोटंसं डायव्हिंग सेंटर. मी साताऱ्याकडचा, आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर. माझं इथलं आयटीचं काँट्रॅक्ट संपलं तेव्हा दादा म्हणाला, "बुकिंग घे, फोन घे, कागद सांभाळ. पोहायला मी शिकवतो."
सहा वर्षं झाली. पोहायला अजून धड येत नाही मला.

त्याआधी दादा कुठल्याशा ज्वालामुखीच्या बेटावर सेंटर चालवायचा. काळी वाळू, मागे धूर ओकणारा डोंगर. सकाळी सिलिंडरवरची राख पुसल्याशिवाय म्हणे काम सुरू व्हायचं नाही.
इथे वावटळ आली की हसत फडकं काढायचा. "थंय राख पुशी होतंय, हंय धूळ. पुसल्याशिवाय सुटका नाय रे."

लोकांना वाटतं डायव्हिंग सेंटर म्हणजे रोज मासे, कासवं, फोटो.
कसलं काय! ओले सूट गोड्या पाण्यात बुचकळा, वाळत घाला. सिलिंडरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर बिघडला की इंडस्ट्रियल एरियात मेकॅनिकच्या डोक्यावर बसा. आणि फॉर्म भरून घ्या.

फॉर्म हा दादाचा जीव की प्राण.
पाण्यात उतरायच्या आधी प्रत्येकाने तब्येतीचा फॉर्म भरायचा. दम लागतो का, फिट येते का, छातीत दुखतं का. एक जरी "हो" आला तरी डॉक्टरची चिठ्ठी आणा, मग उतरा.
एकदा एक साहेब दम्याची गोष्ट लपवून आला होता. खिशातून पंप डोकावत होता. दादाने त्याला बोटीवरून खाली उतरवलं. साहेब चिडला, आरडाओरडा केला. दादा शांत. "खलास. आज नाही."

आता ऐका.

स्टाफचे फॉर्म सीझनच्या सुरुवातीला मी भरायचो. दादा बाजूला बसून सिलिंडरचा रेग्युलेटर खोलत असायचा आणि मी मोठ्याने प्रश्न वाचायचो. तो "नाय, नाय, नाय" म्हणत जायचा. ते आमचं दरवर्षीचं पाठांतर.

या वेळी मी वाचलं, "छातीत दुखतं का?"

"नाय" आलं नाही.

मला माहीत होतं का ते. दोन आठवड्यांपूर्वी सिलिंडर उतरवताना तो धक्क्यावर मटकन बसला होता. छाती चोळत होता. मी धावलो तर म्हणाला, "ॲसिडिटी रे. काल बिर्याणी जरा जास्त झाली."

माझं पेन थांबलं. दादाने वर बघितलं.
"लिव मेल्या. नाय म्हणान लिव. यल्ला, आटप चल."

मी लिहिलं.

दादाच्या धाकाने लिहिलं, असं म्हणणं सोपं आहे. पण खोटं कशाला बोलू? शुक्रवार-शनिवार बुकिंग फुल्ल होतं. "हो" लिहिलं असतं तर दादा महिनाभर पाण्याबाहेर, सेंटर बंद. मलाही "नाही"च हवं होतं.

तीन आठवड्यांनी वहिनींचा फोन आला. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

वहिनी त्याला घेऊन मालवणला गेल्या. मी विमानतळावर त्यांच्या शेजारी उभा होतो आणि फॉर्मचं काही सांगितलं नाही.
तेव्हापासून डोकं जाग्यावर नाही. दादावर चिडतो, मग स्वतःवर, मग त्या बिर्याणीवर. रडायला मात्र येत नव्हतं. हे काय आहे? कुणाला विचारू?

आज तेरावं. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. सकाळी व्हिडिओ कॉल लावला.
"वहिनी, दादाचा फॉर्म मी भरला होता. त्याच्या छातीत दुखतंय हे मला माहीत होतं. मी 'नाही' लिहिलं."

वहिनींनी फोन उचलून आतल्या खोलीत नेला, दार लोटलं.

मग म्हणाल्या, "माकाय म्हायत होता."

"काय?"

"गणपतीक गावाक इल्ले, तेव्हा देवळाच्यो पायऱ्यो चढताना मदीच बसले. मी म्हटलंय, डॉक्टरकडे चला. म्हणाले, आता सीझन लागतलो, तो संपांदे. मी म्हटलंय, बरां."

आणि त्या रडायला लागल्या. मग मीही. तेरा दिवसांत पहिल्यांदा.

वहिनींनी शिव्या घातल्या असत्या, तोंड बघणार नाही म्हणाल्या असत्या, तर ते मी झेललं असतं. याचं काय करू ते मला कळत नाही.

मी म्हटलं, "वहिनी, हे कुणाला सांगणार नाही मी."

तर म्हणाल्या, "सांग. लिव तुझ्या त्या फेसबुकार. माझाय नाव घाल. जो येता तो म्हणता, सुखान गेले, नशीबवान. माका आयकवत नाय."

म्हणून लिहिलं.

दादा, तू सुखाने गेला नाहीस. तुला दुखत होतं. आम्हा दोघांना ठाऊक होतं, आणि आम्ही दोघांनीही तुझं ऐकलं.

नमस्कार करतो दादा. माफ कर म्हणायचं धाडस अजून होत नाही.