स्लॅबच्या सकाळी

काल सकाळी पल्लवीने स्लॅबचं काम थांबवलं. पल्लवी माझी पुतणी. विद्यापीठातून इंजिनिअर होऊन साइटवर लागल्याचा तिचा हा पहिलाच महिना. मी तिचा डबा द्यायला गेलो होतो. पूजेचा नारळ ठेकेदाराच्या हातात होता, काँक्रीटची गाडी खाली उभी होती, आणि ही सळ्यांच्या जाळीपाशी उकिडवी बसलेली.

"इथे सळ्यांमधलं अंतर जास्त वाटतंय."

"वाटतंय की आहे, मॅडम?" ठेकेदार म्हणाला. "मुहूर्त टळला तर मालक मला धरणार, तुमच्या कॉलेजला नाही."

तिने पुन्हा जाळीकडे पाहिलं. परीक्षेत निदान प्रश्न छापून आलेला असतो. इथे प्रश्न आहे की नाही, हेच तिला ठरवायचं होतं. तिचं खरं असेल तर छत धोक्याचं. खोटं ठरलं तर उद्यापासून इथे तिचं कोण ऐकणार? तिने मोठ्या साहेबांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही.

"काका, डबा ठेवा आणि तुम्ही निघा," ती म्हणाली. मग ठेकेदाराकडे वळली. "मोजून बघू. मग फोडा नारळ."

मी जिना उतरताना वळून पाहिलं. ती गुडघ्यांवर बसून मोजत होती. टेपचं दुसरं टोक ठेकेदाराने धरलं होतं.