कापसाच्या ट्रकची गाठ

उमरखेडात बसस्टँडच्या मागं नासिरभाईंचं ताडपत्रीचं दुकान आहे. हंगामात तिथं ट्रकवाल्यांची रांग लागते. ताडपत्री मिळते म्हणून नव्हे हो, ती काय कुठंही मिळते. रांग लागते ती अतियासाठी. नासिरभाईंची ही थोरली पोर, वय एकोणीस, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. दहा वर्षांची असल्यापासून ती कापसानं फुगलेल्या ट्रकवर सरसर चढते आणि वरून अशी दोरी आवळते की बघत राहावं. "अतियानं बांधली का? मंग काही टेन्शन नाही," असं ड्रायव्हर एकमेकांना सांगतात.

बापानं तिला एकच गोष्ट घोटून शिकवली होती. "गाठ अशी पडली पायजे का जिनिंगच्या फाटकापर्यंत सुटली नाय पायजे. मंग सोडाले चाकू लागला तरी चालते."

तर अशी ही पोर समुद्रावर गेली. झालं असं की कॉलेजात एक पत्रक आलं. 'सागरवेणी' नावाचं तीन डोलकाठ्यांचं जहाज, शिडांवर चालणारं. गोव्याहून निघायचं, मंगळूरला थांबायचं, कोचीला पोचायचं. चाळीस तरुण पोरंपोरी घ्यायची आणि जहाज त्यांच्याच हातून चालवून घ्यायचं. अतियानं अर्ज ठोकला. उभ्या जन्मात समुद्र पाहिलेला नाही, पण अर्ज ठोकला!

"कायले जातं वं बाई तिकडं?" तिची आई जैबुनबी म्हणाली. "आपल्यात कोणी गेलं का कधी?"

"म्हणून तर जाऊन राह्यली ना अम्मी."

नासिरभाई दोन दिवस ताडपत्र्यांच्या घड्याच घालत राहिले. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "जा. पण काम करजो. बसून नको राहू."

जहाजावर पहिले दोन दिवस सगळ्यांचे हाल झाले. अतियानंही पोटातलं सगळं समुद्राला दिलं. पण चढायचं म्हटलं की ही पुढं! बाकीची पोरं कमरेचा पट्टा चाचपत खाली उभी, आणि ही निम्म्या डोलकाठीवर. त्या जहाजाची एक रीत होती. शेवटचं बंदर दिसू लागलं की चाळीस जणांनी मिळून एकाला निवडायचं, आणि त्यानं मधल्या डोलकाठीच्या अगदी टोकावर जाऊन उभं राहायचं. अतियानं ते ऐकलं आणि मनाशी पक्कं केलं, तिथं मीच उभी राहणार. भूक-तहान हरपावी इतकं तिला ते हवं होतं.

आणि तिसऱ्या दिवशी तिनं घोळ करून ठेवला.

शिडाचा दोर जहाजावर बांधत नाहीत बरं का. लाकडी खुंटीला इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे द्यायचे, बस. गाठ मारायची नाही, कारण वारा अचानक उसळला तर दोर एका क्षणात सोडता आला पाहिजे. हे सगळं लालसिंगनं समजावून सांगितलं होतं. लालसिंग म्हणजे दोरशिडांचा मुकादम, नौदलातून निवृत्त झालेला, आणि गंमत म्हणजे उमरखेडशेजारच्याच महागाव तालुक्यातल्या तांड्यावरचा. अतियानं ऐकलं, वेढे दिले, आणि तिचा जीवच राहीना. हे असं मोकळं कसं सोडायचं? सुटलं तर? लालसिंगची पाठ वळल्यावर तिनं वेढ्यांवर आपली गाठ आवळून टाकली. चांगल्या मनानं हो! कामचुकार पोरीनं असलं काही केलंच नसतं.

दुपारी एकाएकी वारा फिरला. सुकाणूजवळून जहाजाच्या कप्तानबाई ओरडल्या, "सोडा!" बाकीचे दोर सुटले. हिचा सुटेना. पाण्यानं भिजून गाठ दगड झालेली. शीड तट्ट फुगलेलं, जहाज एका अंगावर कललेलं, पोरं घसरून कठड्यावर आदळलेली. सलोनी नावाच्या हिच्या जोडीदारणीचं कोपर फुटलं. शेवटी लालसिंगनं धावत येऊन चाकूनं दोर कापला.

वारा पडल्यावर त्यानं तो तुकडा उचलून पाहिला. "ही कापसाच्या ट्रकची गाठ व्हय," तो म्हणाला. "कोणं मारली?"

सलोनीला माहीत होतं, पण तिनं नाव घेतलं नाही. अतिया स्वतःच पुढं झाली. "म्या मारली."

"काहून? सांगतलं होतं ना तुले?"

"दोर सुटून जाईन वाटलं, काका."

कप्तानबाईंनी आवाज चढवला नाही. "डोलकाठीवर चढणं बंद. मंगळूर तीन दिवसांवर आहे. हात सुधारला नाही तर तिथून रेल्वेनं घरी."

अतिया कोपऱ्यात जाऊन रडली. मग डोळे पुसून लालसिंगकडं गेली. "काका, मले सोडाले शिकवा."

"बांधणारे हात हायेत तुये," तो म्हणाला. "सोडणं त्यायले माहीतच नाही. हजारदा कर." आणि तिनं केलं. वेढे द्यायचे, सोडायचे. डोळे मिटून, ओल्या दोरानं, डाव्या हातानं. बोटांची सालटं निघाली. हात वळायचा तो गाठीकडंच, मेला! तिला स्वतःचाच राग यायचा. शेजारी बसून सलोनी पट्टी बांधलेल्या हातानं मोजायची, आणि हात चुकला की पुन्हा एकपासून सुरू करायची. सलोनी काही कमी खट नव्हती.

मंगळूरच्या आदल्या दिवशी, जेवणं चालू असताना, वारा पुन्हा फिरला. या वेळी जोरात. खुंट्यांजवळ फक्त अतिया होती. "सोडा!" हाक पुरी व्हायच्या आत तिच्या हातानं वेढे उडवले होते. दोर सर्र करून गेला, शीड रिकामं फडफडलं, कलू लागलेलं जहाज सावकाश सरळ झालं. ती तिथंच न थांबता शेजारच्या खुंटीवर गेली, मग त्यापुढच्या. पोरं ताटं टाकून येईपर्यंत तीन दोर मोकळे झाले होते.

कप्तानबाई सुकाणूजवळून पाहत होत्या. "अतिया," त्या म्हणाल्या, "उद्यापासून वर चढ."

मंगळूर आलं आणि गेलं. रेल्वे आपली गेली रिकामी!

कोचीचा किनारा दिसला तेव्हा चाळीस जण गोळा झाले. कप्तानबाईंनी विचारलं, कोण? सलोनीनं आधी हात वर केला आणि अतियाचं नाव घेतलं. मग दुसरा हात, तिसरा. आठदहा हात खाली राहिले. ज्यांना कठड्याचा मार बसला होता, त्यांचे. अतियानं त्यांच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. सलोनी आपलं कोपर दाखवत म्हणाली, "सगळ्यात जास्त मला लागलंय. आता बोला." मग ते हातही वर गेले.

अतिया निघाली. पहिली आडवी काठी, दुसरी, तिसरी. दोरांची शिडी अरुंद होत गेली, खालची माणसं लहान होत गेली. टोकाशी पोचल्यावर तिनं पट्टा अडकवला, दोन्ही पाय रोवले आणि ताठ उभी राहिली. अंगावर भर्रकन वारा. खाली एकोणचाळीस गळे तिच्या नावानं ओरडत होते, आणि ती वरून मोठमोठ्यानं हसत होती.

बऱ्याच वेळानं खालून लालसिंगची हाक आली, "झालं ना वं! उतर आता!"

अतिया उतरली नाही. कोची येईपर्यंत उभी राहिली.